रिजेक्शन नोट

अंबडच्या कारखान्यात माझं काम एवढंच:
बोल्ट उचलायचा, गेज लावायचा.
गेलं तर पास, अडलं तर लाल डब्यात.
एकाला तीन सेकंद. बावीस वर्षं.
तेव्हा तीन मिनिटांचा डाव
आपल्या हातचा मळ, असं वाटलं होतं.

पावणेदोन वर्षं झाली. अकराशे सत्याऐंशी.
आकडा चढतो, उतरतो,
पेपरात रोज येणाऱ्या गंगापूर धरणाच्या पातळीसारखा,
फक्त इथे पावसाळा येत नाही.

दुसरी पाळी साडेअकराला सुटते.
कंपनीच्या बसची एक काच कधीच लागत नाही,
आणि माझी जागा नेमकी तिथे.
डिसेंबरात निफाडकडची थंडी थेट बोटांवर येते,
घोडा ठेवायचा एका घरात, पडतो शेजारच्या.
घोडचूक म्हणावं,
तर घोड्याचा त्यात काय दोष?

ओजस, माझा भाचा, व्हिडिओ पाठवतो.
सुरुवातीच्या बारा चाली, सापळ्यांसकट.
मी पाठ केल्या, डबा खाताना, दाढी करताना.
समोरचा तिसऱ्याच चालीला
व्हिडिओत नसलेलं काहीतरी खेळतो
आणि मी स्नेहसंमेलनात भाषण विसरलेला
पाचवीतला मुलगा.

एका रविवारी जुनं रिजेक्शन बुक काढलं,
निळा कार्बन अजून शाबूत.
एक हरलेला डाव, एक पान.
दोष: वजीर फुकट.
दोष: मात दिसत होती, आधी प्यादं खाल्लं.
दोष: हरल्यावर रागाने आणखी सात डाव.
'उपाय' या रकान्यात काय लिहावं कळेना.
महिनाभर 'लक्ष देणे' लिहिलं.
कारखान्यातही सगळे तेच लिहितात.

गांगुर्डेसाहेब ट्रेनिंगमध्ये सांगायचे,
दोष सापडला की पाच वेळा 'का' विचारा.
विचारलं.
वजीर का गेला? कोपऱ्यातला उंट दिसला नाही.
का? मी त्याच्या राजाकडे बघत होतो.
का? माझा हल्ला फार देखणा चालला होता.
का? कारण त्याच्या चालीसुद्धा
मीच मनात खेळून टाकल्या होत्या.
का?

इथे पेन थांबलं.
खालच्या कागदावर नुसता ठिपका उमटला.

समोर कोणी आहे
हे मी धरलेलंच नव्हतं.
बावीस वर्षांत एकाही बोल्टने
उलट चाल केलेली नाही.

त्या रात्रीपासून हात मांडीखाली.
त्याची चाल झाली की आधी एकच विचारायचं:
याला काय पाहिजे?
एक सेकंद जातो. तीन मिनिटांत तो महाग असतो.
पण तेवढ्यात तो दिसतो, थोडासा.
कुठल्याशा देशाचा झेंडा, नावाच्या जागी
एक बदक आणि चार आकडे.
उंट त्याने उगाच तिकडे नेलेला नाही.
त्यालाही घाई आहे, बस आहे,
कदाचित त्याचीही काच लागत नसेल.

काल पाथर्डी फाट्याच्या अलीकडे
मी एका हत्तीने वर होतो.
त्याचे नऊ सेकंद, माझे चार.
त्याच्या प्याद्याला काय पाहिजे ते दिसलं, नीट दिसलं,
नेमकं घर अडवलं,
आणि बोट उचललं तेव्हा घड्याळ शून्यावर होतं.
पानावर लिहिलं:
माल चोख. डिलिव्हरी उशिरा.

घरी वृंदा जागी होती, ताट झाकून.
"आज किती?"
"अकराशे ब्याण्णव."
"म्हणजे जिंकलात?"
"नाही."
ती हसली, मग काही सांगू लागली,
गीझरचं, का तिच्या मानेचं,
मला शेवट आधीच माहीत असतो असं मी नेहमी धरतो.
फोन पालथा ठेवला.
हात आपोआप मांडीखाली गेले.